किमान आणि अधिक

दान किती द्यावें हें दात्यानें ठरवावयाचें असतें; ऋण किती फेडावें हें मात्र ऋणकोच्या मर्जीवर नसतें. समाजानें अपंग मुलाला जें शिक्षण द्यावयाचें, तें दान कीं ऋण? आणि ऋण असेल, तर त्याचा आंकडा कोणी व कसा मांडावयाचा? अमेरिकेंतील एका कायद्याचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास पाहिला म्हणजे हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं, हें ध्यानांत येतें.

१९७५ पूर्वीं त्या देशांत दहा लाखांवर अपंग मुलें सार्वजनिक शाळांच्या अगदीं बाहेर होतीं. त्या वर्षीं केंद्र सरकारनें कायदा करून प्रत्येक अपंग मुलाला मोफत व त्याला अनुरूप असें शिक्षण मिळालेंच पाहिजे, असें ठरविलें. घटक राज्यांनीं याहून कमी देतां कामा नये. अधिक द्यावयाचें असल्यास त्यांना मोकळीक आहे. म्हणजे केंद्रानें घराची जमीन तेवढी घालून दिली. छत किती उंच बांधावें हें राज्यांवर सोंपविलें.

ही जमीन तरी किती उंच, हा प्रश्न १९८२ सालीं एमी राउली या बहिऱ्या मुलीच्या निमित्तानें सर्वोच्च न्यायालयापुढें आला. न्यूयॉर्क राज्यांतील एका साध्या शाळेंत ती शिकत होती आणि वर्गांत सरासरीहून बरीच होती. पण वर्गांत बोललें जाई त्यांतील पुष्कळसें तिच्यापर्यंत पोंचत नसे. तिच्या आईबापांनीं खुणांच्या भाषेचा दुभाषी मागितला. न्यायालयानें म्हटलें कीं, मुलाला शिक्षणाचा कांहीं लाभ होत असला म्हणजे कायद्याची पूर्तता झाली. त्याच्या अंगच्या शक्तीचा पूर्ण विकास करण्याचें बंधन कायद्यानें घातलेलें नाहीं. पुढें २०१७ सालीं, कोलोराडोंतील एका स्वमग्न मुलाच्या खटल्यांत, त्याच न्यायालयानें एकमतानें ही जमीन थोडी वर उचलली. नांवापुरत्या लाभानें भागणार नाहीं, मुलाच्या परिस्थितीच्या मानानें योग्य ती प्रगति होईल अशी योजना हवी, असें त्यानें सांगितलें. पूर्ण विकासाचें बंधन मात्र तेव्हांहि घातलें नाहीं.

कांहीं राज्यें याच्या पलीकडे गेलीं. मॅसॅच्युसेट्स राज्यानें १९७२ सालींच, केंद्राच्याहि आधीं, आपला कायदा केला आणि मुलाचा 'शक्य तितका अधिकांत अधिक विकास' करण्याचें वचन दिलें. मिशिगननें केलें तें निराळें. केंद्राचें कर्तव्य फार तर बाविसाव्या वाढदिवशीं संपतें. मिशिगननें शाळेचा दरवाजा सव्विसाव्या वर्षापर्यंत उघडा ठेविला. न्यू जर्सीनें आणखी तिसरी गोष्ट केली. शाळा आणि पालक यांच्यांत तंटा झाला तर दाद मागणारानेंच आपली बाजू सिद्ध करावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानें २००५ सालीं दिला होता. न्यू जर्सीनें २००८ सालीं कायदा करून तो भार शाळांच्या व्यवस्थापनावर टाकला. त्या राज्यांत आपल्याकडील पुष्कळ मराठी कुटुंबें आहेत. परक्या देशांत, परक्या परिभाषेंत, आपल्याच मुलाच्या गरजेचा पुरावा गोळा करणें म्हणजे काय, हें त्यांतील एखाद्या बापाला विचारावें.

या अधिकपणावर घेतला जाणारा आक्षेप क्षुद्र नाहीं. खर्चाचा पुष्कळसा बोजा गांवच्या करांवर पडतो. केंद्रानें सरासरी खर्चाच्या शेंकडा ४० इतकें साह्य देण्याचें मनांत धरलें होतें, तें आजवर कधींच पुरें झालेलें नाहीं. शिवाय २००४ च्या दुरुस्तीनें केंद्रानेंच राज्यांस बजाविलें कीं, केंद्राच्या मागणीबाहेरचे जे नियम तुम्ही कराल ते तसे लेखी नमूद करा, आणि त्यांची संख्या शक्य तितकी कमी ठेवा. एका मुलाला अधिक दिलें म्हणजे त्याच तिजोरींतून दुसऱ्याला कमी मिळणार. आणि त्या दुसऱ्या मुलाचीहि बाजू कोणीतरी घेतली पाहिजे.

मॅसॅच्युसेट्सच्या वचनाचें काय झालें तें येथें आठवावें. खर्चाची ओरड वाढत गेली, २००० सालीं विधिमंडळानें तें वचन मागें घेतलें, आणि २००२ च्या आरंभापासून ते राज्य केंद्राच्या शब्दांवर येऊन थांबलें. आम्हांला याचें वाईट वाटतें, तरी नवल वाटत नाहीं. धडधाकट मुलाला तरी 'अधिकांत अधिक विकासा'चें वचन कोण देतो? जें कोणत्याहि मुलाच्या बाबतींत खरें करून दाखवितां येत नाहीं, त्याला ऋण म्हणतां येत नाहीं. तो आशीर्वाद होय, आणि आशीर्वादाची वसुली कोणी करूं शकत नाहीं.

मिशिगन व न्यू जर्सी यांचें अधिक या जातीचें नाहीं. ज्याला एक गोष्ट शिकण्यास इतरांच्या दुप्पट काळ लागतो, त्याला चार वर्षें जास्त देणें ही कृपा नव्हे. त्याच्या चालीनें मोजलेलें तें तेवढेंच अंतर आहे. कागदपत्रें, तज्ज्ञ आणि वकील ज्या पक्षाच्या हाताशीं, त्यानेंच आपलें वर्तन योग्य होतें हें दाखवावें, यांतहि औदार्य नाहीं, साधा न्याय आहे. दोन्ही नियमांत मुलाची किंवा त्याच्या आईबापांची खरी अडचण आधीं पाहिली, आणि मग तिच्या मापानें कर्तव्य बेतलें.

म्हणून ज्याला आपण 'अधिक' म्हणतों तें पुष्कळ वेळां अधिक नसतेंच. आधीं चुकीचा मांडलेला आंकडा दुरुस्त केलेला असतो. दुसऱ्या मुलाच्या वाट्याची काळजी खरी आहे. परंतु तिचा निकाल तिजोरी वाढवून किंवा इतर खर्चांत काटकसर करून लावावयाचा, ऋणाचा आंकडा खोडून नव्हे. राज्याच्या शीवेच्या अलीकडे सव्विसाव्या वर्षापर्यंत शिकणारा मुलगा शीवेपलीकडे ओहायोंत जन्मला असता, तर चार वर्षें आधीं घरीं बसला असता. त्याची गरज दोन्हीकडे तीच; बदलली ती केवळ हिशेब मांडणारी वही.