नवस आणि कायदा

आपल्या समाजात नवस म्हणजे काय हे कोणाला सांगावयास नको. एलियाहू हन्नबींच्या नावाने नवस बोलला आणि इच्छा पूर्ण झाली की, मलिदा करून तो फेडेपर्यंत घरच्या वडीलधाऱ्यांना चैन पडत नाही. तोरेत अनुवादाच्या 23 व्या अध्यायात तर नवस फेडण्यास उशीर लावणे हेच पाप म्हटले आहे. नवस बोललाच नाही तर पाप नाही, असेही तेथेच आहे.

हाच नियम सरकारला लावावा काय?

क्नेसेटने राष्ट्रीय आरोग्य विमा कायदा 15 जून 1994 रोजी मंजूर केला. तो अंमलात आला 1 जानेवारी 1995 रोजी. मधल्या काळात विमा नसलेला कोणी आजारी पडला, तर कायदा असूनही त्याच्यासाठी नव्हता. तरी ह्या विलंबाला मी दोष देणार नाही. हप्ता बितुआख लेउमीने गोळा करावयाचा, चारही कुपत होलीमनी वय वा आजार न पाहता सभासद करून घ्यावयाचे, ही तयारी रातोरात होत नाही. मलिद्याचे पोहेसुद्धा आधी भिजवावे लागतात.

पण मानसिक रोग्यांचे काय? त्यांच्या उपचारांची जबाबदारी आरोग्य खात्याकडून कुपत होलीमकडे जावयाची, हे त्याच कायद्यात होते. प्रत्यक्षात ती गेली 1 जुलै 2015 रोजी, म्हणजे वीस वर्षांनी! तोवर उपचार मुळीच नव्हते असे नाही. सरकारी दवाखाने होते. परंतु हाड मोडलेला माणूस कुपत होलीमच्या दारात जो हक्क सांगू शकत होता, तो मनाच्या रोग्याला नव्हता. पैसे कोणी व किती द्यावयाचे, हा वाद होता म्हणतात. वाद खराच होता. पण नवस बोलणारा खर्चाचा अंदाज आधीच घेतो.

शिवाय परमेश्वराला बोललेला नवस लांबला, तर त्याचे काही अडत नाही. आपलेच मन आपल्याला खाते. कायद्याने ज्याला वचन दिले त्याचे मात्र अडते. मनाचा रोगी मोर्चा काढीत नाही, आणि शेजाऱ्यांना कळू नये म्हणून घरचेही गप्प बसतात. (आपल्यातही हे होतेच.) तेव्हा लागू होण्याची तारीख पुढे ढकलावयाची झाल्यास त्याचे कारण कोणी आणि कोणापुढे उभे राहून सांगावयाचे, हेही कायद्यातच लिहिलेले असावे, असे मला वाटते.