किती वेळ थांबायचं?

दूरच्या सर्व्हरवर एसएसएचने शिरून कोणी व्हीआय या संपादकात मजकूर लिहितो. वरच्या ओळीवर जायला बाणाची कळ दाबतो, तर कर्सर वर जायचा राहतोच; मध्येच नवी ओळ उघडते आणि तिच्यात 'ए' येऊन बसतो. संशय आधी कीबोर्डवर, मग सर्व्हरवर. दोघेही निर्दोष.

१९७८ साली आलेल्या व्हीटी१०० टर्मिनलपासून रुळलेल्या पद्धतीत वरच्या बाणाची कळ तीन बाइट पाठवते: एस्केप, मग 'ओ' किंवा चौकोनी कंस, मग 'ए'. एस्केपची कळ पाठवते ती फक्त पहिला बाइट. तेवढाच हाती पडला तर माणसाने एस्केप दाबलं की बाणाचं शेपूट अजून वाटेत आहे, हे प्रोग्रॅमला कळायला मार्ग नाही. तो घड्याळ लावून बसतो. वेळ संपली की त्याच्या लेखी ते एस्केप. मग मागाहून पोहोचलेला 'ओ' व्हीआयला 'वर नवी ओळ उघड' हा आदेश वाटतो, आणि 'ए' उमटतो.

थांबावं तरी किती? ३०० बॉडच्या मोडेमवर तीन बाइटना सेकंदाचा दहावा भाग लागे. टर्मिनलवरच्या प्रोग्रॅमांची एनकर्सेस लायब्ररी मुळात पूर्ण सेकंदभर थांबते ते म्हणूनच समजण्याजोगं आहे. टर्मिनलची सत्रं सांभाळणारा टीमक्स वर्षानुवर्षं अर्धा सेकंद थांबत असे. एस्केप जड वाटतं म्हणून लोकांनी तो आकडा शून्यावर आणला, आणि प्रवासात मोबाइल डेटावर बाण मोडू लागले. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

आकडे फिरवत बसण्यात फारसं हशील नाही. खोट गप्पपणालाच उत्तर मानण्यात आहे. संपादक टर्मिनलला पार्श्वभूमीचा रंग विचारतो तेव्हाही तेच. भूस्थिर उपग्रहावरून प्रश्न जाऊन उत्तर यायला निव्वळ अंतरापायी जवळपास अर्धा सेकंद लागतो. तोवर संपादक बंद झालेला असला, तर ते उत्तर शेलच्या प्रॉम्प्टवर अगम्य आकडे-अक्षरं होऊन सांडतं.

यावरची युक्ती मात्र झकास आहे. अवघड प्रश्नाच्या पाठोपाठ 'तू कोणतं टर्मिनल?' हेही विचारायचं. याला बहुतेक सगळी टर्मिनलं उत्तर देतात, तेही क्रमाने. दुसऱ्याचं उत्तर आधी आलं, की पहिला प्रश्न समोरच्याला समजलेलाच नाही. लिंक कितीही मंद असो, क्रम बदलत नाही.

चक फोर्सबर्ग यांनी १९८६च्या झेडमोडेम या फाइल पाठवण्याच्या पद्धतीतही असंच थांबणं टाळलं होतं. त्याआधीच्या एक्समोडेममध्ये १२८ बाइटांच्या प्रत्येक ठोकळ्यामागे पोच येईपर्यंत पाठवणारा ताटकळे. झेडमोडेममध्ये डेटा वाहत राही, आणि बिघडलं तर घेणारा सांगे: अमुक बाइटपासून पुन्हा पाठव.

एस्केपसाठीही किटी टर्मिनलच्या नव्या कीबोर्ड पद्धतीत स्वतंत्र, संदिग्ध नसलेला संकेत आहे. पण तो टर्मिनल, टीमक्स आणि संपादक तिघांनाही कळायला हवा. एकालाही कळला नाही, तर अ‍ॅडमिनला मिलिसेकंद मोजणं भागच.