थांबणारा नाद

देवापुढे वाजवायचे वाद्य निवडताना त्याच्या आवाजाची चिकित्सा करावी की करू नये? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याकडे तयारच असते. देव भावाचा भुकेला आहे, त्याला टाळ काशाचा की पितळेचा याच्याशी काय करायचे? हे उत्तर खोटे नाही, पण ते दुसऱ्याच प्रश्नाचे उत्तर आहे. देवाला काय ऐकू येते, याचा निवाडा माणसाने करण्यात अर्थ नाही. भजनात मात्र देवाखेरीज आणखीही कोणी ऐकत असते. शेजारी उभा राहून गाणारा असतो, मागे बसलेली म्हातारी असते, अभंगाचा शब्द पहिल्यांदाच कानावर घेणारे पोर असते. वाद्याचा नाद या सगळ्यांच्या मधली जागा व्यापतो. म्हणून टाळ, झांज किंवा आजच्या ड्रमच्या संचातली लहानशी स्प्लॅश झांज निवडणे हा केवळ हौसेचा मामला नाही, तो धर्माचा प्रश्न आहे, असे मला वाटते. आणि त्या निवडीची कसोटी नाद किती गोड आहे ही नसून तो दुसऱ्यासाठी किती लवकर जागा मोकळी करतो, ही असायला हवी.

हा विचार करायला ताम्हिणीसारखे गाव फार योग्य आहे. मुळशी तालुक्याच्या पश्चिम टोकाला, कोकणात उतरणाऱ्या घाटाच्या माथ्यावरचे हे गाव. इथली विंझाई देवी अनेक कायस्थ प्रभू घराण्यांची कुलदेवता. इथला पाऊस तर महाराष्ट्रात गाजलेला. जुलै 2024 मध्ये एकाच दिवसात 500 मिलिमीटरहून जास्त पडला. अशा हवेत कातड्याची वाद्ये हार मानतात. मृदंगाचे पान ओलीने सैल पडते, स्वर खाली उतरतो, कितीही ठोकून चढवला तरी तासाभरात पुन्हा बसतो. धातूवर या ओलीचा असा परिणाम होत नाही. काशाचा टाळ आषाढात वाजतो तसाच वैशाखात वाजतो. सह्याद्रीच्या या पट्ट्यात पावसाळ्यातल्या भजनाचा भार म्हणूनच आपोआप टाळावर येतो. आणि पाऊस स्वतःच एक न थांबणारा आवाज आहे. पत्र्यावर, कौलांवर, झाडोऱ्यावर तो तासन्‌तास एकसारखा चालतो. त्याला ना सुरुवात ऐकू येते, ना शेवट.

इथे पहिला आक्षेप समोर येतो, आणि तो व्यवहारी आहे. इतक्या आवाजात लवकर विझणारा नाद ऐकू तरी कसा येणार? मोठी, दीर्घ घुमणारी झांजच नको का? मला उलट वाटते. आखूड नाद म्हणजे हळू नाद नव्हे. नादाचे दोन भाग असतात, आघात आणि त्यामागून येणारी शेपटी. पावसातून वाट काढतो तो आघात, कारण त्याला धार असते. शेपटी पावसातच मिसळते आणि त्या अखंड कल्लोळात भर घालते. ती गाणाऱ्याचा शब्द झाकते, पुढचा ठोका पुसट करते. सततच्या आवाजात ठळक उठते ती गोष्ट जिला आरंभ आणि अंत दोन्ही आहेत.

हे ध्यानात घेतले की निवडीचे तपशील अर्थपूर्ण होतात. टाळ जाड असतो, ओतीव, खोलगट वाटीसारखा. दोरीवर मोकळा सोडून वाजवला तर बराच वेळ घुमतो आणि त्याला स्पष्ट स्वर असतो. दोन वाट्यांच्या स्वरांत किंचित फरक असेल तर त्या घुमण्यात लहर उठते, आणि ती ऐकायला सुंदर असते. पण कसलेला टाळकरी प्रत्येक ठोका मोकळा सोडत नाही. तो कडा एकमेकींवर टेकवून नाद मिटवतो, हवा तेव्हाच उघडतो. टाळाचा संयम धातूत नसतो, हातात असतो. स्प्लॅशचे याच्या उलट. ती पातळ आणि लहान, बहुधा 8 किंवा 10 इंचांची. काठीचा फटका बसताच चटकन उसळते आणि पाहता पाहता विझते. दोन्ही हात आणि दोन्ही पाय कामात गुंतलेल्या वादकाला दर वेळी ती पकडून मिटवायला सवड नसते. तिचे थांबणे घडवतानाच तिच्यात घातलेले असते. म्हणजे टाळकरी ठोक्याठोक्याला जो निर्णय घेतो, तो ड्रमवादकाला खरेदीच्या वेळीच घ्यावा लागतो. म्हणून त्याची निवड जास्त गंभीर आहे. थोडी मोठी, थोडी जाड झांज घेतली तर ती दर वेळी हवे त्यापेक्षा जास्त बोलत राहील, आणि ऐन गाण्यात त्यावर इलाज नसेल.

दुकानात मात्र नेमकी उलटी कसोटी लागते. आळंदीत किंवा पंढरपुरात टाळ घेणारा एक जोड कानाशी नेऊन वाजवतो. शहरातल्या वाद्यांच्या दुकानात तरुण वादक एकेक झांज सुटी टांगून तिच्यावर काठी मारतो. एकट्याने ऐकताना लांब, भरदार नाद मन जिंकतो. तो नाद बाकीच्यांच्या मधे गेल्यावर काय करील, हे तिथे कळत नाही. स्वतःपुरते सुंदर असणे आणि संगतीत चांगले असणे हे दोन वेगळे गुण आहेत. धर्माच्या दृष्टीने दुसरा गुण मोठा, निदान सामुदायिक उपासनेत तरी.

ही कसोटी मी आजच काढलेली नाही. आपल्या परंपरेत ती खोलवर आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे जे चार वर्ग सांगितले आहेत त्यांत घनवाद्यांचा, म्हणजे धातूच्या ठोस वाद्यांचा, संबंध थेट तालाशी आहे. आणि तालाच्या क्रिया तिथे दोन प्रकारच्या आहेत, सशब्द आणि निःशब्द. न वाजलेली मात्राही हाताने मोजायची असते. देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने तेराव्या शतकात संगीतरत्नाकर लिहिणाऱ्या शार्ङ्गदेवानेही हीच विभागणी पुढे नेली. ज्या शास्त्रात मौनाला मात्रेचा दर्जा आहे, तिथे नाद कुठे संपतो हा प्रश्न दुय्यम असूच शकत नाही.

त्याहून बोलका दाखला वारीत आहे. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात मुक्कामाच्या तळावर समाजआरतीसाठी दिंड्या गोलाकार उभ्या राहतात. शेकडो टाळांचा गजर चाललेला असतो. चोपदार चोप उंचावतो आणि सगळे टाळ एकदम थांबतात. ज्या दिंडीची काही तक्रार असेल, तिचे टाळ मात्र वाजत राहतात. मग चोपदार त्या दिंडीकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो, त्यानंतरच ते टाळ शांत होतात. या रीतीचा मला फार आदर वाटतो. भक्तांच्या एवढ्या मोठ्या समाजाने न थांबणाऱ्या टाळाला एक नेमका अर्थ दिला आहे: इथे कोणाचे तरी ऐकायचे राहिले आहे. बाकीच्यांनी थांबून दाखवल्याशिवाय तो टाळ ऐकूच आला नसता. नादाच्या थांबण्यावर न्यायाची एक व्यवस्था उभी आहे, आणि ती चालवायला कागदाची गरज पडत नाही.

यावर कोणी म्हणेल, संतांनी बाह्य उपचारांचा मोह सोडायला सांगितले आणि तुम्ही मिश्रधातू आणि इंच मोजत बसला आहात. ख्रिस्ती परंपरेतही पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेमावाचून केलेल्या बोलण्याला झणझणणाऱ्या झांजेची उपमा दिली आहे. आक्षेप वजनदार आहे. पण पौलाची तक्रार झांजेविषयी नाही, प्रेमावाचून काढलेल्या आवाजाविषयी आहे. आणि त्याच धर्मग्रंथातल्या 150व्या स्तोत्रात स्तुतीसाठी दोन प्रकारच्या झांजांचा वेगवेगळा उल्लेख आहे. निवडीची जाण तिथेही दिसते. भाव अंतरात असतो हे मान्य. पण भाव दुसऱ्यापर्यंत पोचतो तो कृतीतून. शेजाऱ्याचा शब्द बुडू नये म्हणून नाद आवरणे ही कृती भावाच्या बाहेरची कशी म्हणायची?

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. टाळ हे भजनातले सर्वांत मोकळे वाद्य आहे. ते हाती घ्यायला घराणे लागत नाही, फारसा पैसा लागत नाही. नादाची चिकित्सा सुरू केली की स्वस्त, कर्कश टाळ घेऊन आलेला गरीब माणूस मागे ढकलला जाईल, ही भीती खरी आहे. म्हणूनच कसोटी गोडव्याची नको, थांबण्याची हवी, असे मी म्हणतो. काशाची किंमत प्रत्येकाला परवडत नाही, पण नाद मिटवणे पितळेच्या टाळावरही जमते. महागडा टाळ उघडा सोडून सगळ्यांवर वाजवणाऱ्यापेक्षा साध्या टाळाच्या कडा वेळेवर जुळवणारा माणूस भजनाची जास्त सेवा करतो. चिकित्सेचा भार पडायला हवा तो सर्वांच्या पैशाने वाद्ये घेणाऱ्या मंडळांवर, सप्ताहाच्या समित्यांवर, देवस्थानांवर.

स्प्लॅश ही परकी वस्तू, तिला देवापुढे जागा कशाला, असेही विचारले जाते. ओटोमान सुलतानांच्या लष्करी वाद्यवृंदात झांजा होत्या. 1623 पासून चालत आलेले झिल्जियन घराणे इस्तंबूलचे, त्यांची शाखा 1929 मध्ये अमेरिकेत स्थिरावली, आणि त्याच सुमारास जॅझवादकांच्या हाती ही लहान झांज रुळली. हे सारे खरे. पण चांगल्या झांजेत साधारण 80 भाग तांबे आणि 20 भाग कथील असते, म्हणजे आपल्या काशाच्या अगदी जवळचे मिश्रण. एकोणिसाव्या शतकात युरोपात घडलेली पेटी आज भजनात कोणाला खटकत नाही. अहमदनगरच्या परिसरातल्या मराठी ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनाची रीत आपलीशी केली, तेव्हा टाळही उंबरठा ओलांडून गेलाच. वाद्याची जात त्याच्या जन्मगावावरून ठरवू नये. अभंगाला ड्रमची जोड देणाऱ्या तरुणांना मी एवढेच विचारीन, की तुमची झांज वाजल्यावर अभंगाचा पुढचा शब्द ऐकू येतो का.

हाच प्रश्न देवळांतल्या विजेच्या आरतीयंत्रालाही विचारायला हवा. मोटर फिरते, नगारा, घंटा आणि झांज आपोआप वाजतात. माणसे कमी पडतात म्हणून ते बसवले जाते, आणि डोंगरातल्या ओस पडत चाललेल्या गावांची ही अडचण मी हलकी मानत नाही. पण त्या झांजेला समोरचा गातो आहे की रडतो आहे, हे कळत नाही. बटण दाबेपर्यंत ती एकाच वेगाने, एकाच जोराने वाजते. तिच्यापुढे चोप उंचावून उपयोग नाही. दोनच म्हातारी माणसे आरतीला उरली असतील, तर त्यांनी एक टाळ घेऊन हळू म्हटलेली आरती मला त्या यंत्रापेक्षा योग्य वाटते. त्यात एकमेकांचा आवाज तरी दोघांना ऐकू येईल.

ताम्हिणीसारख्या गावाने देवळासाठी टाळ किंवा झांज घ्यायची ठरवली, तर ती उन्हाळ्यात दुकानात एकट्यादुकट्याने पसंत करू नये. दोन-तीन जोड पारखायला गावात आणावेत. पाऊस लागल्यावर देवळात चार गाणाऱ्यांमधे ते वाजवून पाहावेत, आणि वाजवणाऱ्याला न विचारता सर्वांत मागे बसलेल्याला विचारावे, की अभंग कोणत्या जोडीबरोबर नीट कळला.