शेवटपर्यंत न वाचलेलं महाकाव्य

३० जानेवारी १९४३. हिटलरच्या सत्तेला दहा वर्षं झाली, त्यानिमित्त हेरमान गोअरिंगने केलेलं भाषण रेडिओवरून ऐकवलं गेलं. स्टालिनग्राडमध्ये जर्मनीचं सहावं सैन्य वेढ्यात अडकलेलं होतं. अन्न संपलेलं, थंडी जीवघेणी, सुटकेची आशा नाही. गोअरिंगने या सैनिकांची तुलना 'निबेलुंगेनलीड'मधल्या वीरांशी केली. तेही पेटलेल्या दालनात कोंडले गेले होते, रक्ताने तहान भागवत होते, पण अखेरपर्यंत लढले. दुसऱ्याच दिवशी सेनापती पाउलुस रशियनांच्या हाती लागला. सुमारे ९१ हजार सैनिक कैद झाले; त्यांपैकी जेमतेम सहा हजार घरी परतले.

जिवंत माणसांचा मृत्युलेख आधीच वाचून दाखवायला एक मध्ययुगीन काव्य कामी आलं. यात त्या काव्याचा दोष किती?

हे काव्य १२००च्या सुमारास, बहुधा डॅन्यूबकाठच्या पासाऊ परिसरात एका अनाम कवीने रचलं. झीगफ्रीड ड्रॅगनच्या रक्तात न्हालेला, त्यामुळे त्याला शस्त्र लागत नाही. फक्त पाठीवर लिंडनचं पान चिकटलं होतं, तेवढी जागा कच्ची राहिलेली. बर्गंडीच्या राजाचा सरदार हागेन ही जागा झीगफ्रीडच्या बायकोकडून, क्रीमहिल्डकडून, काढून घेतो. कारण सांगतो, 'युद्धात मी त्याची पाठ राखीन.' मग झऱ्यावर वाकून पाणी पिणाऱ्या झीगफ्रीडला तो नेमका तिथेच भाला मारतो. पुढे क्रीमहिल्ड हूणांचा राजा एट्झेल याच्याशी लग्न करते, काही वर्षांनी आपल्या भावांना पाहुणे म्हणून बोलावते आणि हागेनला मागते. भाऊ देत नाहीत. दालन पेटतं, जवळपास सगळे मरतात.

पुढे हे काव्य विस्मरणात गेलं. १७५५ साली होहेनेम्सच्या वाड्यात त्याचं हस्तलिखित सापडलं, तेव्हाही फारसं कुणाला कौतुक नव्हतं. नेपोलियनने जर्मन राज्यं पायाखाली तुडवली, तेव्हा मात्र स्वतःचं एक राष्ट्रीय महाकाव्य असण्याची गरज भासू लागली. १८१५मध्ये तर सैनिकांना रणांगणावर जवळ बाळगता यावी अशी छोटी आवृत्तीही निघाली.

त्यानंतरचे दोन वापर पाहा. १९०९मध्ये चॅन्सेलर ब्यूलो याने जर्मनी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या पाठीशी 'निबेलुंग-निष्ठे'ने उभी राहील असं संसदेत सांगितलं. काव्यात ही निष्ठा म्हणजे काय, तर एका खुन्याला त्याच्या अपराधाची पूर्ण कल्पना असूनही पाठीशी घालणं. दुसरा वापर पराभवानंतरचा. सैन्य हरलं नाही, घरच्यांनी त्याच्या पाठीत खंजीर खुपसला, ही थाप लोकप्रिय झाली. १९२०च्या आपल्या आठवणींत हिंडेनबर्गने तिला झीगफ्रीडचं रूप दिलं. थकलेली आघाडी म्हणजे झीगफ्रीड, मागून वार करणारा तो हागेन. या थापेची किंमत समाजवाद्यांना आणि ज्यूंना मोजावी लागली.

आता हे वापर शेजारी ठेवू. १९०९ आणि १९४३मध्ये हागेनची बाजू निष्ठेचा आदर्श ठरते. १९२०मध्ये तोच हागेन विश्वासघातकी. गोष्ट पूर्ण वाचणाऱ्याला या दोन्ही टाळ्या एकत्र घेणं जमणार नाही, कारण तिथे निष्ठा आणि घात एकाच माणसाच्या हातून घडतात. हागेन खून करतो तोच राजघराण्याशी असलेल्या निष्ठेपोटी.

म्हणून काव्य निर्दोष आणि वाचणारे नालायक, असं म्हणून मोकळं होता येईल का? मला ते सोयीचं वाटतं, खरं वाटत नाही. पेटत्या दालनातला मग्रूरपणा कवीने रंगवून सांगितला आहे. तहानलेल्यांना मेलेल्यांचं रक्त प्यायला हागेनच सांगतो, आणि वाचताना अंगावर काटा येतो तो नुसत्या किळसेचा नसतो. गोअरिंगने तो प्रसंग बनवला नाही, उचलला. त्याचा गुन्हा हा, की तो तिथेच थांबला.

त्याच दालनाच्या दाराशी र्‍यूडिगर उभा आहे. तो एट्झेलचा सरदार, क्रीमहिल्डला शपथेने बांधलेला. पण या पाहुण्यांना त्याने वाटेत घरी जेवू घातलंय, त्यांच्यातल्या धाकट्या भावाला मुलगी दिली आहे. तो राजाला विनवतो, जमीनजुमला परत घ्या, मी पायी निघून जातो. सुटका होत नाही. लढायला जाताना हागेनची ढाल फुटलेली पाहून तो आपली ढाल काढून त्याला देतो. शेवटी त्यानेच भेट दिलेल्या तलवारीने तो मरतो. निष्ठा हा शाप कसा होतो, ते याहून स्पष्ट काय सांगायचं? पण ब्यूलो, हिंडेनबर्ग, गोअरिंग या तिघांनाही र्‍यूडिगरची गरज पडली नाही.

आजचे अतिउजवे लोक तर गोष्टीपर्यंतही येत नाहीत. त्यांना चिन्हं पुरतात. हिमलरच्या वेवेल्सबुर्गच्या वाड्यातलं काळ्या सूर्याचं चिन्ह, प्राचीन रून लिपीतली अक्षरं, ओडिनशी जोडलेले तीन त्रिकोण. चिन्ह पळवणं सोपं असतं. ते काहीच बोलत नाही, त्यामुळे विरोधही करत नाही. आपल्याला हे कळायला हवं, कारण आपल्या उंबरठ्यावरच्या स्वस्तिकाचंही तेच झालं. 'आमचं वेगळं आहे' हे खरंच आहे. पण ते पाहून दचकणारा ज्यू शेजारी चुकतो, असं मला म्हणता येत नाही. समजावून सांगण्याचं काम आपलंच.

गोष्ट मात्र पळवायची तर आधी कापावी लागते. म्हणून कुणी एखादा प्रसंग झेंड्यासारखा नाचवू लागला, की पुढे काय झालं ते विचारावं. त्यांच्या वाङ्मयाबद्दलही आणि आपल्याही.

पुढे काय झालं, ते मध्ययुगीन लेखनिकांना ठाऊक होतं. बहुतेक जुन्या हस्तलिखितांत 'निबेलुंगेनलीड'ला लागूनच 'विलाप' नावाचं दुसरं काव्य उतरवलेलं आहे. त्यात कुणी लढत नाही. वाचलेले लोक प्रेतं ओळखतात, पुरतात आणि घरोघरी निरोप पोचवतात. र्‍यूडिगरच्या घरीही त्याचा घोडा आणि शस्त्रं येतात. बायको आणि मुलगी दाराशी वाट पाहत असतात.