पावसाचे मागणे



अलिबागकडे असताना शेमिनी अत्सेरेथला आम्ही पावसाची प्रार्थना म्हणत असू, तेव्हा शेतात भात कापणीला आलेले असे. त्यावर सर कोसळली तर वर्षाचे अन्न कुजायचे! तरी एरेत्स इस्राएलसाठी ती म्हणायचीच.

इथे आल्यावर निराळेच कळले. सणानंतर पाऊस मागायला १५ दिवस थांबायचे. मिश्ना सांगते, यरुशलेमहून परतणारा शेवटचा यात्रेकरू फरात नदी गाठेपर्यंत थांबा. बिचारा वाटेत भिजू नये! मंदिर इ. स. ७० मध्ये पडले. आपण अजून ७ हेशवानपर्यंत थांबतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. आमचे आप्त वाटेतच अडकले होते. ते घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत आम्ही इथे जागेच होतो.