निळा दिवा

परभणीहून बोरीकडच्या शाळेत रोज अप-डाऊन करणाऱ्या एका गुरुजींनी दिवाळीनंतर जुनी पेट्रोल गाडी घेतली. आधीचे मालक ओळखीतले शेतकरी. गाडी जपलेली, कुठं पोचा नाही की ओरखडा नाही. "सतरा-अठराचं अ‍ॅव्हरेज देते," असं त्यांनी सांगितलं. ते खोटं नव्हतं, दोन वर्षांपूर्वीपर्यंत ती तेवढं देतच होती.

गुरुजींच्या हातात मात्र ती १३ देऊ लागली.

परभणीत हा फरक खिशाला फार लागतो. इथलं पेट्रोल मनमाडजवळच्या पानेवाडीहून टँकरने सुमारे ३०० किलोमीटर येतं. तो वाहतूक खर्च दरात बसतो, आणि राज्यातल्या महागड्या पेट्रोलच्या यादीत परभणीचं नाव वर्षानुवर्षं वर राहतं. पेट्रोलची शंभरी मे २०२१ मध्ये परभणीने मुंबईच्या आधी पाहिली. जाऊन-येऊन ६० किलोमीटर धरले, तर १७ आणि १३ मधला फरक रोज लिटरभराहून जास्त पेट्रोलचा होतो.

गुरुजी गणित शिकवणारे. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर न विसंबता त्यांनी एकाच पंपावर टाकी फुल्ल केली, ट्रिप मीटर शून्यावर आणला, आठवड्याने पुन्हा तिथंच फुल्ल करून भागाकार केला. उत्तर तेच, १३.

पहिल्या गॅरेजात प्लग आणि एअर फिल्टर बदलले. काढलेले प्लग काजळीने काळेकुट्ट होते. ते का काळे झाले, हे कुणी विचारलं नाही. दुसऱ्या गॅरेजात सगळा दोष इथेनॉलवर टाकला गेला. गुरुजींना ते पटेना. इथेनॉलने अ‍ॅव्हरेज उतरतं हे खरं, पण नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात २० टक्के मिश्रणाने जुन्या चारचाकींना बसणारा फटका ६ ते ७ टक्के धरला आहे. इथं तर जवळपास चौथा हिस्सा गळत होता. तिसऱ्या ठिकाणी ऑक्सिजन सेन्सर नवा बसवला. पैसे गेले, अ‍ॅव्हरेज जागचं हललं नाही. अंदाजाने पार्ट बदलत जाणं याला दुरुस्ती म्हणू नये, असं मला वाटतं. त्यात गिऱ्हाइकाचा खिसा तेवढा तपासला जातो.

परभणीचा उरूस जवळ आला होता, पहाटे कडाक्याची थंडी होती. सहकाऱ्याच्या सांगण्यावरून गुरुजी जिंतूर रोडवरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींकडे गेले. सगळे त्यांना चाचा म्हणत. चाचांनी बॉनेट उघडायच्या आधी विचारलं, "गुरुजी, सकाळी गाडी चालू केली की मीटरमध्ये निळा दिवा लागतो ना? तो कुठं विझतो?"

"झरी आल्यावर. कधी झरीच्या पुढं."

"आणि हिटर?"

"कोमट. गरम हवा कधी लागलीच नाही."

चाचांनी डिपस्टिक काढली, फडक्याने न पुसता नाकाजवळ नेली आणि गुरुजींपुढं धरली. ऑइलला पेट्रोलचा वास येत होता. मग सायलेन्सरच्या तोंडातून बोट फिरवलं, ते काळं झालं. स्कॅनर लावून ते गुरुजींना घेऊन शहराबाहेर बरंच लांब फिरून आले. इंजिनातल्या पाण्याचं तापमान ६० च्या आसपास घुटमळत राहिलं. ते ९० च्या जवळ असायला हवं होतं.

"चूल पेटेपर्यंत लाकूड जास्त लागतं," चाचा म्हणाले. "तुमची चूल पुरती पेटतच नाही. सेन्सर कॉम्प्युटरला सांगतो, इंजिन थंड आहे. थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून कॉम्प्युटर जादा पेट्रोल सोडतो. शाळेपर्यंत हेच चालू."

होज काढून त्यांनी थर्मोस्टॅटचं घर उघडलं. आत थर्मोस्टॅट नव्हताच. इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा तो छोटा व्हॉल्व्ह कुणीतरी काढून टाकला होता.

गुरुजींनी आधीच्या मालकांना फोन लावला. त्यांना सगळं आठवत होतं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, पारा ४३ वर असताना, गाडी गंगाखेड रोडवर गरम होऊन बंद पडली. तिथल्या मेकॅनिकने व्हॉल्व्ह काढला आणि सांगितलं, आता कधीच गरम होणार नाही. खरंच झाली नाही.

"मग नवा बसवून टाका, चाचा," गुरुजी म्हणाले.

"आज बसवला तर एप्रिलमध्ये रस्त्यात उभे राहाल. गाडी तेव्हा गरम का झाली, ते आधी बघू."

रेडिएटर उतरवला. नळ्यांत पांढरा, खडूसारखा थर घट्ट बसला होता. मालक कूलंटऐवजी वर्षानुवर्षं शेतातल्या बोअरचं पाणी ओतत आले होते. मराठवाड्याच्या खडकातलं हे पाणी जड असतं. तापलं की त्यातला क्षार नळ्यांत बसतो, वाट अरुंद होते आणि इंजिन तापतं. त्या तापावर उपाय म्हणून व्हॉल्व्ह गेला, व्हॉल्व्ह गेल्यावर इंजिन थंड राहू लागलं, आणि थंड इंजिन पेट्रोल पिऊ लागलं. प्रत्येकाने आपल्यापुढची तक्रार मिटवली होती.

चाचांनी रेडिएटर साफ करून घेतला, जाम झालेला पंखा मोकळा केला, ऑइल बदललं, थर्मोस्टॅट आणि गॅस्केट बसवून कंपनीने सांगितलेलं कूलंट भरलं. पुढच्या दोन टाक्यांचा भागाकार साडेसोळाच्या वर आला.

त्या रविवारी गुरुजी कूलंटचा एक डबा घेऊन आधीच्या मालकांच्या शेतावर गेले. तक्रार करायला नव्हे. मालकांनी दुसरी गाडी घेतली होती, आणि तिच्यातही टॉपअपला बोअरचंच पाणी जात होतं. गुरुजींनी त्याच दिवशी ते काढायला लावलं.