पाच हप्ते

रिह्याला बहिणीकडे गेलो होतो. शेजारचं कुत्रं बघून सात वर्षांचा भाचा बिचकला, तेव्हा ‘अरे, ते चावत नाही’ अशी हमी मी दिली. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसानं विनातारण हमी देऊ नये! पोटरीला दात घासले. रक्त नाही, नुसता ओरखडा. पंधरा मिनिटं साबणपाण्यानं धुतलं आणि स्कूटरवर घालून पौडला निघालो.

‘मामा, दुखेल?’

आमच्या लहानपणी पोटात १४ सुया, नुसत्या नावानं घाम फुटायचा. आता दंडात ५ : आज, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. एकच असती तर ‘मुंगी चावल्यासारखं’ म्हणून मी सुटलो असतो. पण खोटं बोलणं एकरकमी व्यवहारात परवडतं, हप्त्यांत नाही. अर्धसत्यानं धर्मराजाचा रथ जमिनीला टेकला म्हणतात. माझी स्कूटर तर आधीच जमिनीवर.

१८८५ साली पाश्चरकडे आणलेला जोसेफ माइस्टर ९ वर्षांचा होता. पाश्चर काही डॉक्टर नव्हे, सुई टोचली दुसऱ्यानं. म्हणजे धीर देण्याचं अवघड काम बहुधा त्याच्याच गळ्यात पडलं असणार. त्यानं काय सांगितलं असेल?

‘दुखेल,’ मी म्हटलं. ‘दहा आकडे मोजेपर्यंत. आणि अजून चार आहेत.’

पोरानं भोकाड पसरलं, ते थेट दवाखान्याच्या पायरीपर्यंत.

तिसऱ्या दिवशी मात्र स्कूटरपाशी माझ्याआधी हजर. म्हणाला, ‘मामा, तू बाहेर थांब. तुला बघवत नाही. मी मोजतो.’